राणीनं माफ केलं नव्हतं

सरसताईंचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. धंदा पुस्तकं बांधायचा, हाताला कायम पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचा वास, म्हणून सरसताई. शिवाय बाई स्वतःला सगळ्यांपेक्षा सरस समजते, असंही लोक म्हणायचे, पण त्यांच्या माघारी. तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. हाताने चोख, जिभेने तिखट आणि रागाला पक्क्या. एकदा एखाद्यावर राग धरला की तो नीट शिवून, पुठ्ठा चढवून, दाबाखाली घालून ठेवायच्या.

त्यातला सगळ्यात जाड राग धाकट्या बहिणीवरचा. आणि खरं सांगायचं तर तो उगाच नव्हता. दुकान बाबांचं. दोघी एकाच बाकावर बसून बाबांच्या हाताखाली शिकलेल्या. बाबा अंथरुणाला खिळले आणि त्याच आठवड्यात धाकटी रस्त्यापलीकडच्या, मशिनवर पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला गेली. नुसती गेली असती तरी एकवेळ चाललं असतं. जाताना कॉलेजच्या लायब्ररीचं काम घेऊन गेली, जे बाबांनी उभा जन्म केलं होतं. बाबांचं अंथरूण दुकानातच, त्यांच्या बाकाजवळ होतं; तिथल्या खिडकीतून पलीकडचं दार दिसायचं. मान वळवून विचारायचे, "धाकटी आली का गं?" शेवटच्या दिवशीही तेच विचारलं. सरसताई अनवाणी रस्ता ओलांडून बोलवायला धावल्या, तर धाकटी म्हणाली, "एवढं मशीन थांबलं की येते." मशीन थांबलं तेव्हा बाबा गेले होते.

त्यानंतर सरसताई तिच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. समोरून आली की या खाली बघायच्या.

या अबोल्यात त्यांना सोबत होती एका कादंबरीची. दोन जाडजूड खंड, किल्ल्याच्या लढाईची आणि पंखवाल्या श्वापदांची अद्भुत गोष्ट. कुणीतरी बांधायला टाकली ती न्यायला आलंच नाही. त्यात एक राणी आहे आणि तिचा दूधभाऊ. दोघं एकाच दाईच्या अंगावर वाढलेली. वेढा पडतो, किल्ला महिनोन्‌महिने झुंजतो, आणि एके पहाटे हा दूधभाऊच शत्रूला दरवाजा उघडून देतो. पुढे राणी किल्ला परत जिंकते, तो तिच्या पायांशी लोळण घेतो. ती त्याला मारत नाही, हाकलतही नाही. म्हणते, "ऊठ. आजपासून या दरवाज्याचा पहारेकरी तू. रोज उघडायचा, रोज लावायचा. ज्यांची माणसं तू मारलीस ते रोज तुझ्यासमोरून जातील. मरेपर्यंत."

हे पान सरसताईंना तोंडपाठ होतं. वाचलं की जिवाला गार वाटायचं. असा सूड हवा! रक्ताचा थेंब नाही आणि सुटकाही नाही.

मग त्या कादंबरीवर सिनेमा निघाला.

सरसताई बघणार नव्हत्याच. पण एका दुपारी आई दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणून गेली आणि डोळे पुसत परत आली.

"एवढं दुखलं?" सरसताईंनी विचारलं.

"अगं, राणीनं त्याला माफ केलं!" आईने पुन्हा पदराने डोळे टिपले. "कसं जवळ घेतलंन् त्याला! मी आणि धाकटी, दोघी रडलो बघ." मग जीभ चावली. पण आता काय उपयोग? दात गेले उडत, धाकटीबरोबर सिनेमाला गेली होती म्हातारी.

सरसताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई धाकटीला चोरून भेटते, याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग वेगळाच होता. "राणीनं माफ केलं? कुठे माफ केलं? कुठल्या पानावर?"

"मी काय पानं मोजत बसले होते का? पडद्यावर दिसलं ते सांगते. आणि तू पण आता पुरे कर बाई. एवढी राणी असून तिनं केलं, तू कोण लागून गेलीस? मला डोळे मिटायच्या आधी दोघींना एका घरात बघायचंय."

दुसऱ्याच दिवशी सरसताई दुपारच्या खेळाला गेल्या. मांडीवर दुसरा खंड, हातात मोबाईलचा दिवा. पुस्तकात लढाई अर्ध्या पानात उरकते: सकाळी सुरू झाली, संध्याकाळी मेलेल्यांना हाक मारायलाही कुणी उरलं नव्हतं, बस्स. पण तिच्या आधीची शे-दोनशे पानं नुसती तयारी. चामडं भिजवणं, बाणांना पिसं बांधणं, मीठ पुरवून पुरवून खाणं. सिनेमात उलटं. मिठाचा खडा नाही आणि लढाई संपता संपेना. पुस्तकातल्या पंखवाल्या श्वापदांची फक्त सावली पडते, तेवढ्यानंच घशाला कोरड पडते. इथे ती चक्क बोलत होती, आणि विनोद करत होती.

"आता हे नाचणार पण का?" सरसताई मोठ्यांदा म्हणाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, दिवा बंद करा."

हेही त्यांनी सोसलं असतं. पण दूधभाऊ? दूधभाऊ कुठाय? दूधभाऊ नव्हताच! त्याच्या जागी एक गोरागोमटा सरदार, राणीचा प्रियकर. दरवाजा उघडला तो यानं, तोही म्हणे गैरसमजातून. शेवटी तो गुडघ्यावर बसतो, राणी "ऊठ" म्हणते, त्याला छातीशी धरते, मागे व्हायोलिनं रडतात.

सरसताईंच्या लक्षात आला त्या सिनेमावाल्यांचा लबाडपणा. प्रियकराला एका गाण्यात माफ करता येतं. एका दुधावर वाढलेल्याला कसं करणार? जमेना, म्हणून भाऊच छाटून टाकला मेल्यांनी! घरी येईपर्यंत त्या दात-ओठ खात होत्या. पण घरी येईपर्यंत त्यांचं ठरलंही होतं.

"बोलाव तिला," त्या आईला म्हणाल्या.

आईला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

धाकटी आली ती उंबऱ्याशीच घुटमळली. केस पिकले होते, चष्मा लागला होता. आत येऊन ती खरंच खाली बसली, बहिणीच्या पायांशी. "ताई, चुकले. सिनेमा बघताना सारखी तूच दिसत होतीस गं."

"ऊठ," सरसताई म्हणाल्या. इतक्या वर्षांतला पहिला शब्द. आईने आतून डोळ्यांना पदर लावला. धाकटी उठली, गळ्यात पडायला म्हणून हात पुढे केले, तर सरसताई दोन पावलं मागे सरल्या.

"उद्यापासून इथे यायचं. बाबांच्या जागेवर बसायचं, त्या खिडकीसमोर. हाताने शिवायचं. रोज."

धाकटीचे हात तसेच राहिले. "ही दरवाज्याची शिक्षा."

"पुस्तक वाचलंयस वाटतं."

"तुझ्याआधी वाचलंय. बांधायला आलं तेव्हा पानांच्या घड्या करून फर्मे मीच लावले होते." मग तिने विचारलं, "कुठवर?"

"पुस्तकात कुठवर आहे?"

"मरेपर्यंत." तिने चष्मा काढून पुसला, आणि सरसताईंना अजिबात अपेक्षा नव्हती असं बोलली. "येईन. बाबांच्या जागेवर बसायला मिळणार असेल तर शिक्षा म्हणून का होईना, येईन."

झालं! सरसताईंची रात्रभर चिडचिड. आपण बेडी घालायला गेलो आणि हिनं बांगडी भरायला करावा तसा हात पुढे केला. वर आई सांगत सुटली की सिनेमासारखंच झालं म्हणून.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच धाकटी दारात. बाबांच्या बाकावर बसली, दोऱ्याला मेण लावलं, सोळा पानांच्या घडीचा एक फर्मा पुढे ओढला आणि शिवायला लागली. मशिनवर राहून हात विसरला होता. तिसरा फर्मा उलटा लागला, अक्षरं डोक्यावर उभी.

"उलटा आहे," सरसताई म्हणाल्या. "उसव."

धाकटीने उसवला. पुन्हा शिवला. आता सुलट होता, पण टाका सैल.

"उसव."

उसवला. बोटात सुई गेली, तिने बोट तोंडात धरलं, पुन्हा शिवलं. या खेपेला टाका बाबांच्या टाक्यासारखा पडला. सरळ, घट्ट, एकसारखा. सरसताईंनी तो बोटाने दाबून पाहिला, नखाने ओढून पाहिला. खोट काढायला जागा नव्हती. समोर खिडकी, खिडकीत पलीकडचं दार, आणि कानात तोच प्रश्न, धाकटी आली का गं?

"उसव," त्या म्हणाल्या.

धाकटीने टाक्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. दोघींना ठाऊक होतं की काम बरोबर आहे. तिने कात्री उचलली आणि उसवायला लागली.

दुपार झाली. सरसताईंच्या स्वतःच्या पुढ्यातले फर्मे सकाळी होते तसेच होते. त्यांची नजर त्या बाकावरून हललीच नव्हती.

"पोरींनो, पटतंय ना तुमचं?" आतून आईने विचारलं.

"पटतंय की," धाकटी म्हणाली आणि दोऱ्याला पुन्हा मेण लावलं.