बंद खिडक्यांची मावशी

बेलग्रेडच्या टेकडीवरील आमच्या शाळेला आंतरराष्ट्रीय म्हणतात, कारण तिच्यात साऱ्या जगातील मुले शिकतात आणि ज्या देशाच्या जमिनीवर ती उभी आहे, तेवढ्या एका देशाला तिच्यात जागा नाही. वसंतात राष्ट्रमेळा भरतो. कोरियाचे टेबल असते, पेरूचे असते, नकाशावर शोधावे लागतील अशा बेटांचेही असते, सर्बियाचे नसते. टेबल पालकांनी मांडावे असा नियम आहे, आणि सर्बियन पालकांना तिथली फी झेपत नाही. आम्ही सर्बियन कर्मचारी त्या दिवशी इतरांची टेबले उचलून लावतो. याविषयी मी दरवर्षी लेखी तक्रार करतो आणि सूचनेबद्दल आभार मानणारे उत्तर दरवर्षी येते.

परदेशातून आलेल्या शिक्षकाला घर, मायदेशी जायचे विमानभाडे आणि मुलांची फी माफ. मी इथलाच, म्हणून मला इतिहास शिकवण्याबरोबर मुख्याध्यापकांचा दुभाषा होण्याचा मानही विनामूल्य मिळाला. द्रागिन्या शुल्यागिच यांची कहाणी मला ठाऊक आहे ती या दुभाषेपणामुळेच.

द्रागिन्या शुल्यागिच शाळेच्या आजारी-खोलीच्या परिचारिका. एका ट्रॅमचालकाच्या विधवा. आयुष्याचा मोठा भाग सरकारी इस्पितळाच्या बालविभागात काढून त्या आमच्याकडे आल्या. मुले त्यांना मावशी म्हणत, म्हणून शिक्षकही मावशीच म्हणू लागले. इंग्रजी त्यांना जेमतेम येई आणि त्याची उणीव त्यांना कधी भासली नाही. मुलांशी त्या सर्बियनमध्ये बोलत, मुले समजून घेत. माझ्या तासाला मात्र हीच मुले इंग्रजीतून सांगितलेलेही समजून घेत नसत.

मावशींचे वैद्यकशास्त्र आम्हा साऱ्यांच्या आयांचेच होते, फक्त त्यांचा त्यावर अधिक विश्वास होता. ओल्या केसांनी बाहेर पडले की मेंदूला सर्दी होते. बंडी विजारीत खोचली नाही की मूत्रपिंडे गारठतात. मुलगी थंड दगडावर बसली की तिला पुढे मूल होत नाही. यासाठी मावशींनी जुने पडदे कापून अंगणातल्या पायऱ्यांसाठी गाद्या शिवल्या होत्या. आणि या सर्व संकटांची जननी म्हणजे प्रोमाया: समोरासमोरची दोन दारे वा खिडक्या उघडी राहिली की मधून आरपार वाहणारा वारा. आमच्या देशाने साम्राज्ये अंगावर घेतली आहेत. प्रोमाया कुणी अंगावर घेत नाही. उन्हाळ्यात भट्टी झालेल्या बसमध्येही कुणी दुसरी खिडकी उघडली, तर अनोळखी माणसे एक होऊन ती लावायला लावतात. यात तथ्य किती, हा प्रश्न मी सुशिक्षित असूनही कधी विचारला नाही. माझ्याही घरी एका वेळी एकच खिडकी उघडते.

मग डेन्मार्कहून थोगरसन नावाचे नवे मुख्याध्यापक आले. उंच, गुलाबी, निरोगी. ताज्या हवेने बुद्धी तरतरीत होते असे त्यांचे मत होते आणि आल्याआल्या त्यांनी आज्ञा काढली की प्रत्येक मधल्या सुटीत वर्गाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडाव्यात. सुटीची घंटा झाली की शिक्षक खिडक्या उघडत पुढे जात आणि मावशी त्या लावत मागून येत.

थोगरसनांनी त्यांना बोलावून घेतले. मी मध्ये उभा. डेन्मार्कमध्ये तान्ह्या मुलांना बाबागाडीत घालून बर्फात झोपवतात, त्यांचा स्वतःचा मुलगाही असाच झोपत असे, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी अनुवाद केला. मावशींनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि हलक्या आवाजात विचारले, "मग, बाळा, वाचला का तो?"

मावशी वयाने लहान असलेल्या प्रत्येकाला बाळा म्हणत, मग तो प्लंबर असो वा मुख्याध्यापक. अनुवादातून ते संबोधन मी गाळले. मुलगा आता नौकाशर्यतीत पदके मिळवतो, असे उत्तर आले.

"नशीब एकेकाचं," मावशी म्हणाल्या आणि निघताना दार घट्ट लावून गेल्या.

इथवर सारे हसण्यावारी गेले असते. पण हिवाळ्यात टेसा नावाच्या कॅनडातल्या छोट्या मुलीला शाळेतच ताप भरला. आई-वडील बैठकीत, फोन बंद. मावशींनी औषध दिले, कपाळावर पाण्याची घडी ठेवली आणि वर आपल्या आजीचा उपाय केला: मोजे आलुबुखाऱ्याच्या राकियात, म्हणजे इथल्या कडक दारूत, भिजवून तिच्या पायांत चढवले. आमच्याकडे राकिया पाहुण्याला पाजतात, मेलेल्यासाठी जमिनीवर शिंपडतात आणि ताप आला की पायाला लावतात. यात नवल ते काय? टेसाचा ताप उतरला. आई आली तेव्हा मुलगी शांत झोपली होती आणि तिला मद्याच्या पिंपासारखा वास येत होता.

दुसऱ्या दिवशीच्या भेटीत थोगरसन एकदाही हसले नाहीत. पुन्हा एखादा गावठी उपाय झाला किंवा त्यांनी उघडायला सांगितलेली एक जरी खिडकी लावलेली आढळली, तर जूनमध्ये करार पुढे चालू राहणार नाही. मावशींच्या निवृत्तिवेतनाला दोन वर्षे कमी होती. या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभे करणार? कराराचे ते वाक्य मी शक्य तितके मऊ करून सांगितले.

शिक्षकाला इथे प्रोफेसर म्हणतात, म्हणून बाळा होण्यातून मी सुटलो होतो. बाहेर व्हरांड्यात त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, तुम्ही फार गोड बोललात. त्याचं तोंड काही एवढं गोड नव्हतं. काढणार ना मला?"

मी म्हटले, खिडक्यांना हात लावू नका, म्हणजे झाले.

त्यांनी शब्द पाळला. मधल्या सुटीत त्या आपल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसून राहत, आणि वर कुठेतरी झडप आपटली की दात दुखल्यासारखा चेहरा करत. शाळा सोडून सिंगापूरला, नैरोबीला जाणाऱ्या मुलांना त्या दरवर्षी लोकरीचे मोजे विणून देत. त्या वर्षी विणकाम दुपटीने झाले.

एप्रिलमध्ये तपासनीस आले. अशा शाळांना मान्यता देणारी एक संस्था आहे. तिची माणसे काही वर्षांनी येतात, आणि तेवढे दिवस आमच्या स्वच्छतागृहांत साबण असतो. त्यांच्या प्रमुख मिसेस किनकेड, स्कॉटलंडच्या वयस्क बाई. आपण ज्या देशात राहतो त्याच्याविषयी मुले काय शिकली, हे त्या विचारणार होत्या. हा माझा प्रांत. मध्ययुगीन राजांची वंशावळ मी ग्रंथालयाच्या भिंतीवर स्वहस्ते रंगवली होती आणि मुलांकडून महिनाभर घोकून घेतली होती.

थोगरसनांनी ग्रंथालयाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. मिसेस किनकेडनी वंशावळीतल्या एका मुकुटधारी पुरुषाकडे बोट दाखवून हा कोण, असे विचारले. मुलांनी माना वंशावळीकडून माझ्याकडे वळवल्या. शेवटी पेरूच्या एका मुलाने सांगितले की बहुधा फुटबॉलपटू.

तेवढ्यात कोशावा सुटला. पूर्वेकडून येणारा हा वारा बेलग्रेडमध्ये कुणाची परवानगी घेत नाही. कागद उडाले, दार आपटले. टेसा उठली आणि एका बाजूच्या खिडक्या एकामागून एक लावू लागली. कोरियन मुलाने दार लावून घेतले. उरलेल्यांनी, कुणीही न सांगता, बंड्या विजारीत खोचल्या. थोगरसनांचा गुलाबी रंग उतरला.

"हे काय केलंत?" मिसेस किनकेडनी विचारले.

"प्रोमाया," टेसा म्हणाली. "दोन्हीकडून वारा आला की मान धरते. आज कळत नाही, म्हातारपणी कळतं."

मग सगळेच बोलू लागले. दगडावर का बसायचे नाही, ओल्या केसांचे काय होते, घरात अनवाणी चालणारी माणसे का टिकत नाहीत. हे कुणी शिकवले, असे विचारताच एका सुरात उत्तर आले. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढे काय येणार हे मला दिसत होते.

"आणि ताप आला की मोजे राकियात भिजवायचे," टेसाने समजावून सांगितले. "प्यायची नाही हं ती. ती पायांसाठी असते. उरलेली मावशींची."

थोगरसनांनी माझ्याकडे पाहिले; जणू मी याचाही मऊ अनुवाद करू शकलो असतो. पण मुलगी इंग्रजीतच बोलली होती.

मिसेस किनकेडनी मावशींना बोलावणे पाठवले. मावशी आल्या, त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. आपल्याला का बोलावले हे त्यांनी ओळखले होते. पण पाहुणी बाई खिडकीच्या दगडी कट्ट्यावर बसलेली दिसताच त्या सारे विसरल्या. आल्या पावली परत फिरल्या, पायऱ्यांवरची एक गादी उचलून आणली आणि मिसेस किनकेडना किंचित उठवून त्यांच्याखाली सरकवली.

"माझी आजी असंच करायची," मिसेस किनकेड म्हणाल्या, आणि खूप वेळ लिहीत राहिल्या.

अहवाल मे महिन्यात आला. यजमान देशाच्या जीवनाशी मुलांचे नाते इतके सहज जुळलेले अन्यत्र आढळले नाही, असे त्यात म्हटले होते. थोगरसनांनी तो परिच्छेद सभेत स्वतः वाचून दाखवला, जणू मोजे त्यांनीच भिजवले होते. वंशावळीचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर मावशींना आणि अर्थातच मला बोलावणे आले. करार निवृत्तीपर्यंत चालू राहील. शिवाय आठवड्यातून एक तास मावशींनी मुलांना इथल्या चालीरीती सांगाव्यात. तो तास इतिहासाच्या वेळापत्रकातून काढला जाईल. माझाच तास मलाच अनुवादित करून द्यावा लागला. राकिया मात्र शाळेच्या आवारात येता कामा नये.

सगळे ऐकून मावशींनी पेन हातात घेतले आणि पुन्हा टेबलावर ठेवले. थोगरसनांच्या पाठीमागची खिडकी उघडी होती आणि आमच्या पाठीमागचे दारही.

"बाळा," त्या म्हणाल्या, "सही करते. पण आधी ती खिडकी लाव. प्रोमायात बसून मी काही लिहायची नाही."

या खेपेला मी सारे जसेच्या तसे सांगितले, बाळासकट.  थोगरसन उठले आणि त्यांनी खिडकी लावली.