चार ठोक्यांची मोकळी जागा

असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागायचे. आजही या गोष्टीमागचं साधं कारण सापडलं तर मला हवंच आहे, म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते.

१९७३, श्रीरामपूर. मी दवाखान्यात स्टोअर सांभाळायचे. धाकटा भाऊ शमू लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. एक परदेशी नर्सबाई मायदेशी जाताना त्याला रेकॉर्ड देऊन गेल्या – अमेरिकेतल्या काळ्या गायकांची. खाली ड्रम-गिटारचा पाय थिरकवणारा ठेका, वर व्हायोलिनांचा ताफा, आणि गाणं मात्र ताऱ्यांचं, देवाचं. गायक आभाळाला हाक मारतात. मग चार ठोके मोकळे... पुन्हा हाक.

बँडमध्ये नोटेशन कुणालाच येत नव्हतं. रेकॉर्ड लावायची, सुई पुन्हा पुन्हा मागे न्यायची, ज्याने त्याने आपला भाग कानाने उचलायचा. त्यामुळे ती मोकळी जागाही सगळ्यांना पाठ होती. शमू म्हणायचा, “आक्का, एवढी हाक मारली अन् वरून कायच न्हाई? तिथं मी वाजवनार.”

मार्चमध्ये त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. वॉर्डात भरती केलं. फुंकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ट्रम्पेट मी घरी नेऊन कपाटात कुलपात ठेवला. आठवड्याने त्याने मागितला.

“फुकनार न्हाई. नुसता हातात दे.”

बरा झालास की देते, म्हणाले. तो हसला. “तू लई शिस्तीची, आक्का. माझ्या मयताची बी यादी करशील.”

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी चारला आमच्या ओसरीवर बँडची तालीम होती. मी चहा ओतत होते. रेकॉर्डवर हाक आली, आणि मोकळ्या जागेत ट्रम्पेट वाजला. दोन ठोके स्वच्छ. तिसऱ्यावर धाप लागल्यासारखा तुटला. ओसरीवर कुणाचंच वाद्य तोंडाला नव्हतं. क्लॅरिनेटवाले बाबूराव हळूच म्हणाले, “शमू हाय ह्यो.”

कपाट उघडलं. ट्रम्पेट जागेवर होता. थोड्या वेळाने वॉर्डातून माणूस आला – शमू चारला गेला होता.

पुढे मी जमेल ते तपासलं. तीच रेकॉर्ड मुंबईहून दुसरी मागवली; तिच्यात ती जागा मोकळीच आहे. आमच्या रेकॉर्डवर मात्र ट्रम्पेट आजही वाजतो, आणि दर वेळी तिसऱ्या ठोक्यावर तुटतो.

हे कसं झालं, मला माहीत नाही. बाबूराव म्हणायचे, वर पोचून त्यानं उत्तर दिलं. मला तसं मानता आलं नाही. वर पोचलेल्या माणसाला धाप कशाला लागेल?