अक्काची घागर

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, सावद्याला माझ्या माहेरी पितरांसाठी तीन घागरी भरतात. एक आजोबांची, एक आजीची आणि एक माझ्या थोरल्या बहिणीची. अक्का धुळ्यात राहते, शिवणाचे क्लास घेते आणि तब्येतीनं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

हसू नका. आमच्या घराण्याचं डोकं असंच चालतं. आबा, म्हणजे आमचे वडील, आणि त्यांचे थोरले भाऊ नाना यांच्यात केळीच्या बागांची वाटणी झाली, तेव्हापासून दोघांचे बंगले रस्त्याच्या अल्याड-पल्याड डोळे वटारून उभे आहेत. नानांनी मजला चढवला की आबा चढवणार. नानांनी मुलीच्या लग्नात पाच गावं जेवू घातली, म्हणून आबांना अक्काच्या लग्नात दहा घालायची होती.

अक्काचा जीव मात्र बागेत ठिबकच्या नळ्या टाकायला आलेल्या धुळ्याच्या मुलावर जडला होता. जात वेगळी, घरी गुंठाभर जमीन नाही. मला ठाऊक होतं. तिचे निरोप मीच पोचवायचे. नानांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते गावभर केलं. आबांनी पंधरा दिवसांत नात्यातलंच स्थळ ठरवून मांडव घातला. हळदीच्या आदल्या दिवशी अक्का निघून गेली.

सकाळी नाना आपल्या ओट्यावर दात कोरत उभे होते. चार लोकांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "काय रे, मांडव सोडतो का धाकटीले उभी करतो?"

धाकटी म्हणजे मी. आबांना लेक गेल्याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण भावासमोर नाक कापलं गेलं ते जास्त झोंबलं. "माही मोठी पोरगी मेली," एवढंच ते म्हणाले. आणि पुढच्या आखाजीला त्यांनी आईला तिसरी घागर भरायला लावली.

आईनं भरली. बाहेर लिंबाला झोके टांगलेले, गावच्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, आणि ही आत जित्या लेकीच्या घागरीवर खरबूज ठेवत होती, तिच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकत होती. मी संतापून म्हटलं, "आई, हात तरी कसा धजतो तुझा?"

ती वर न बघता म्हणाली, "तुह्यं लगन व्हायचंय अजून."

झालं की माझं लग्न. जळगावचं बडं घर, डाळमिलवाले. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "मोठीचं काय?" आबा म्हणाले, "वारली." त्या लोकांना सगळं माहीत होतं. पण 'वारली' म्हणणारं घर त्यांना चालत होतं, 'धुळ्यात असते' म्हणणारं चाललं नसतं. मी चहाचा ट्रे त्यांच्यासमोर धरला. वर पुढे वर्षानुवर्षं आईवरच धुसफुसत राहिले, हा माझा शहाणपणा.

यंदा संक्रांतीनंतर सासूबाईंबरोबर सराफाकडे बांगड्या बघायला गेले होते. शेजारी एक बाई मुलीसाठी कानातले बघत होती. तिनं मान वळवली. अक्का. केस पिकलेले, चष्मा लागलेला. ती हसली, पूर्वीसारखीच, एका गालात, आणि हात पुढे करून माझ्याकडे आली.

सासूबाईंनी विचारलं, "कोण गं या?"

एकच शब्द बोलायचा होता. बहीण. सतरा वर्षं मी या घडीसाठी झुरले होते, भेटल्यावर काय काय बोलायचं ते शंभरदा ठरवलं होतं. आणि मी म्हटलं, "कोण जाणे. मी नाही ओळखत."

अक्काचा हात तसाच राहिला. मग तिनं तो उगाच पदराला पुसला. "माझीच चूक झाली हो," ती सासूबाईंना म्हणाली, "चेहऱ्यात फसले."

तिची मुलगी दहा-अकराची असेल. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "आई, फोटोतली मावशी हीच ना?"

"नाही गं," अक्का म्हणाली. "तुझी मावशी वारली."

सासूबाई हळहळल्या. मग त्यांनी मला दुसरी जोडी दाखवली आणि मी मनगट पुढे केलं.