अगंची अहो

"राहू द्या हो. तुम्ही पाहुण्या. बसा तिकडे."

वहिनींनी माझ्या हातातलं तुपाचं भांडं काढून घेतलं. हसत हसत.

जरा आधी मी "अगं" होते. "अगं, तूप तूच वाढ, घरचीच आहेस!" मधे घडलं काय? आडनाव.

परदेशातला गणपती, हार्बरफ्रंटच्या उंची कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये. वहिनींचा नवरा रॅफल्स प्लेसला बँकेत बडा साहेब. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, पीएचडीनंतरचं संशोधन करणारी. अमेरिकेत हक्कांसाठी लढलेल्या काळ्या तरुणींचे फोटो हा माझा अभ्यास. जेवणाआधी ते दाखव, हा वहिनींचाच आग्रह. दाखवले. गोऱ्यांच्या हॉटेलात काउंटरवर बसलेली मुलगी. तिला वाढत नाहीत, ती उठत नाही. मागे दात काढणारी गर्दी. पैठण्यांचे पदर डोळ्यांना लागले.

"बिच्चारी! आपल्याकडे नाही बाई असलं काही."

मग पानं वाढली. मी तूप घेऊन वाकले तोच एक काकू म्हणाल्या, "तुझ्या व्याख्यानाच्या पोस्टरवर तुझं नि वडिलांचं एवढंच नाव आहे. आडनाव काय गं?"

सांगितलं.

"अय्या! बोलण्यावरून वाटत नाही हो!"

लगेच अहो. लगेच पाहुणी. वा रे तुमचा मान! माझ्या आईला गावात "लांब हो" म्हणायचे, ते निदान तोंडावर. तुमच्यात तेवढीही धमक नाही. समुद्र ओलांडलात, कायम राहायची पीआर मिळवलीत, हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कुणाच्याही हातचं चापता, आणि माझ्या हातानं तूप बाटतं? थूः तुमच्या शिक्षणावर!

 रडले नाही. काउंटरवरच्या त्या मुलीला सगळे ऊठ म्हणत होते, म्हणून ती बसून राहिली. मला बस म्हणत होते. मी उभीच राहिले. फोन काढला आणि फोटो घेतला. छातीशी भांडं धरलेल्या वहिनी, मागे कुजबुजणाऱ्या काकू.

"अगं, हे काय करतेस? डिलीट कर आधी!"

"अहो म्हणा," मी म्हटलं.

उपाशीच निघाले. माझं स्टेशन, चोआ चू कांग, येईपर्यंत एमआरटीच्या गाडीत तो फोटो बघत होते. इतकी वर्षं मी फक्त त्या मुलींचे चेहरे वाचले. आता मागच्या गर्दीचे वाचणार. पुढच्या व्याख्यानात काउंटरवरच्या मुलीनंतर हाच फोटो लागेल. आणि पोस्टरवर माझं आडनाव असेल, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत.