पिंजऱ्यातली प्लॅस्टिकची वेल

सन २००७. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा, अंबरनाथच्या कारखान्यातून नुकताच रिटायर झालेलो. आजही उल्हासनगरच्या बाजारात नव्या प्लॅस्टिकच्या पानांचा तो उग्र वास आला की तीच संध्याकाळ समोर येते.

लव्हबर्डांचा पिंजरा ओकाबोका दिसतो म्हणून मी वेल आणली, साबणाने धुतली आणि आत तारेने गच्च बांधली. पिंजरा बागेसारखा हिरवागार झाला. पण दोन्ही पाखरं घाबरून कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसली. अंधार पडेपर्यंत दाण्याला शिवली नाहीत.

“अहो, काढा ती वेल. उपाशी मरतील बिचारी,” बायको म्हणाली.

“होईल सवय. मी काढणार नाही.”

“तुमच्यावरच गेलीत. नको म्हणजे नको!”

मला राग आला. या पाखरांसाठी एवढं केलं आणि यांना किंमत नाही, असं वाटलं. आज वाटतं, घर त्यांचं होतं, मी कोण परस्पर सजवणारा? पण माघार मला तेव्हाही जमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेल बाहेर काढली आणि पिंजऱ्यापासून हातभर लांब, खिडकीच्या गजाला बांधली. पाखरं दाण्यावर तुटून पडली. त्यांचं खाऊन झाल्यावर मी वेल बोटभर पिंजऱ्याकडे सरकवली.