डोळ्यांसमोरची गोळी

आमची गावातली कार्यकर्ती शबानाआपा, तिला कामावरून काढून टाकायचं, हे सरांनी मला बोलवायच्या आधीच ठरवलं होतं.

"तिच्या गावाचे रिपोर्ट बघ," ते म्हणाले. "बाकी सगळीकडं बायकांचं हिमोग्लोबिन वाढलं. हिच्याकडं जागचं हललं नाही. गोळ्या उकिरड्यावर टाकते आणि घरी बसून टिक मारते."

बायका काय खातात आणि त्यातलं किती अंगी लागतं, हे तपासणं माझं काम. त्या वर्षी आमची ट्रायल लोहाच्या गोळ्यांवर होती. रक्तातून प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन, आणि ते बनायला लोह लागतं. लोह कमी पडलं की तरुण बाईसुद्धा हंडा उचलताना धापा टाकते. ट्रायलचा एक नियम कडक होता. गोळी नुसती वाटायची नाही, बाईनं गिळलेली कार्यकर्तीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. गरीब माणूस गोळी फेकून देतो आणि घेतली म्हणतो, हे आम्ही शिकलेल्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

"चोरीचा पुरावा काय, सर?"

"रक्त."

"रक्त वाढलं नाही एवढंच रिपोर्ट सांगतो."

"सोनल, भाषणं मोर्चात दे. सोमवारी पत्र निघेल."

ऑफिसच्या खाली औरंगपुऱ्याच्या गल्लीत रिक्षावाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. मी मात्र त्या पत्रातल्या 'चोर' या शब्दाचा विचार करत होते. आपा लासूर स्टेशनला राहायची. गोळीचोर असा शिक्का बसला असता, तर आजूबाजूच्या कुठल्याच गावात तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

"एकदा जाऊन येते, सर."

"जा. निर्णय बदलणार नाही."

दुसऱ्या दिवशी लासूरला उतरले. आपा स्कूटी घेऊन उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"निकालना है तो निकालो मॅडम," ती म्हणाली. "पण चोर म्हणू नका. एकेकीच्या घशाखाली गोळी उतरताना बघितलंय मी."

तिच्या मागं बसून तिच्या वाट्याच्या गावात गेले. तिथं पहिलं घर कमलबाईंचं. आपाला मी मुद्दाम रस्त्यावरच थांबवलं आणि त्यांच्या सुनेला, सविताला, सरळ विचारलं, "गोळी सुरू झाल्यापासून परसाकडला काळं होतं का?"

सवितानं पदर तोंडावर घेतला. कमलबाई म्हणाल्या, "आता हे बी लिवून घेणार व्हय सरकार?"

"सरकार नाही आम्ही, आजी. पण सांगा. एका बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"व्हतं की," सविता हळूच म्हणाली. "डांबरावानी. मी लई भ्याले व्हते. आपा म्हनली, गोळीनं व्हतं, भिऊ नगंस."

लोहाची गोळी पोटात गेली की असा रंग येतो. पुढच्या घरांतही लाजत, हसत तेच उत्तर आलं. एकीनं तर जावेचंही सांगून टाकलं. म्हणजे गोळ्या पोटात जात होत्या. आपा खरी होती.

पण माझी भीती वाढली. गोळी पोटात जाते आणि रक्तात उतरत नाही, मग लोह जातं कुठं? जंताचं औषध आम्ही सगळ्या गावांत आधीच दिलं होतं. दुसरा कुठला आजार असेल, तर तो आमच्या नजरेतून सुटला होता. आणि सोमवारी सरांसमोर नुसतं 'आपा खरी आहे' म्हणून भागणार नव्हतं.

"आपा, मी नाहीच असं समजा," मी म्हणाले. "रोजच्यासारखं काम करा."

ती पुढच्या घरी ओसरीवर टेकली. घरातली बाई चहा घेऊन आली, एक कप आपाला, एक स्वतःला. आपानं गोळी दिली. बाईनं ती जिभेवर ठेवली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"पाण्यानं का नाही घेतली?"

"पान्यानं मळमळतं ताई. चहानं सुर्रकन जाती."

पुढच्या घरी चहा. त्याच्या पुढच्या घरी चहा.

चहातला तुरटपणा ज्यामुळं येतो ते टॅनिन लोहाला धरून ठेवतं. मग आतड्यातून रक्तात फार थोडं लोह शिरतं, उरलेलं बाहेर पडतं. दुसऱ्या गावांत कार्यकर्त्या बायकांना दुपारी देवळाच्या सभामंडपात बोलवायच्या आणि माठातल्या पाण्यानं गोळी द्यायच्या. आपाला मंडपात यायला कुणी मना केलं नव्हतं. या, असंही कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून ती सकाळी दारोदार फिरायची आणि दारात गेलेल्या माणसाला इकडं चहा होतोच.

मी तिला हे सांगितलं. ती स्कूटीचा आरसा बोटानं पुसू लागली.

"चहा सोडू?" मग म्हणाली. "मॅडम, पहिल्यांदा मला वेगळा कप द्यायच्या. आता घरातलाच देतात. आता मी नको म्हटलं, तर काय समजतील?"

सोमवारी सरांच्या टेबलावर पत्र टाइप होऊन पडलं होतं. मी सगळं सांगितलं.

"मग तिला म्हणावं चहा बंद कर."

"नाही सर. चहा राहू दे, गोळी हलवू. रात्री जेवणानंतर थोड्या वेळानं, पाण्यानं."

"रात्री बघणार कोण?"

"कुणीच नाही."

"वेडी आहेस का? उद्या त्या फेकून देतील."

"आजवर एकीनंही फेकली नाही सर. आपणच त्यांना चोर धरून नियम लिहिला."

सर पत्राची घडी घालत, उघडत राहिले. "आणि रक्त नाही वाढलं तर?"

"तर हेच पत्र माझ्या नावानं काढा."

पुढच्या तपासणीपर्यंत पुंडलिकनगरच्या खोलीवर मला धड जेवण गेलं नाही. पोषणावर काम करणारी बाई उपाशी, म्हणून मैत्रिणी टोमणे मारायच्या.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन वाढलं होतं. सविताचं तर चांगलंच.

सरांनी अहवालात लिहिलं, 'गोळीच्या वेळेत किरकोळ बदल.' 'आमची चूक' हे दोन शब्द घालावेत म्हणून मी भांडले. ते घातले गेले नाहीत. आपाची माफीही कुणी मागितली नाही. तिचं काम तेवढं राहिलं.

ती अजून सकाळी त्या घरांत रात्रीची गोळी द्यायला जाते आणि घरातल्याच कपातून चहा पिते. बाई गोळी गिळते की नाही हे बघायला आम्ही माणूस नेमला होता. कशाबरोबर गिळते, हा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. आता आहे.