सत्काराच्या टेबलावरचं पुस्तक

तळेऱ्याच्या एका छापखान्यात मी काही वर्षं मुद्रितं तपासायची. मालक लग्नपत्रिका छापी आणि हौसेने वर्षाला एखादं पुस्तक काढी. अशाच एका पुस्तकाला, ते निघून वीसेक वर्षं उलटल्यावर, मोठा पुरस्कार मिळाला. लेखक म्हणजे इथले निवृत्त मास्तर, वय ऐंशीच्या पुढे. डोळे जायच्या आत त्यांना पुस्तक पुन्हा छापलेलं बघायचं होतं.

मालक म्हणाला, “आता कशाक, मास्तरांनू? पुरस्कार गावलो मां? आपण सत्कार करूया.”

सत्काराला पुस्तक लागतं आणि छापखान्यात काय, मास्तरांच्या घरीही एकही प्रत उरली नव्हती. मागणी येईल तेवढ्याच प्रती तो बांधून घेई. उरलेले छापील कागद एका मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांत गेले होते. कव्हरं मात्र गठ्ठाभर शिल्लक होती. एक माझ्याकडे होती, पण तिच्यात मी चुकांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, म्हणून ती त्याला टेबलावर नको होती. वैभववाडीवरून जाणारी रेल्वे नवीनच सुरू झाली होती. त्याने तिच्या वेळापत्रकाला कव्हर चढवलं.

“उघडलं कोणी तर?”

“बाई, सत्कारातला पुस्तक कोण उघडता?”

प्रमुख पाहुण्यांनी उघडलं. उतारा वाचतो म्हणाले, पान उलटलं, थबकले, चष्मा पुसला. “वैभववाडीच्या माणसांचं येणं-जाणं लेखकाने किती बारकाईने टिपलंय!” टाळ्या झाल्या. मास्तरांनी शेजारून वाकून पान पाहिलं.

भाषणाऐवजी त्यांनी टेबलावरचा नारळ उचलला. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. एकाने देवाला विनवायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. इकडे झोपेतला माणूससुद्धा म्हणतो.

“बा देवा महाराजा, हयसर जमलेल्या सगळ्यांचा रक्षण कर रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“ह्या छापखान्याक बरकत दी रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” मालकाचा आवाज सगळ्यांत मोठा.

“येत्या दिवाळीआधी हो मालक माजा पुस्तक परत छापतलो रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

मालकाचे हात जोडलेलेच राहिले. देवाला दिलेला होकार परत घेण्याची छाती त्याच्यात नव्हती.

“मास्तरांनू, ह्यां बरा नाय केल्यात.”

“मी खंय काय केलंय? व्हय तर तू म्हटलस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पेन्सिलीची प्रत मागायला तो दारात उभा होता.

दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही दोघं पहिली प्रत घेऊन मास्तरांकडे गेलो. कव्हर तेच जुनं. गठ्ठा वाया कशाला घालवायचा? मास्तरांनी पुस्तक डोळ्यांशी धरलं आणि एकेक पान उलटत बराच वेळ बसले.

“काय शोधतास?” मालकाने विचारलं.

“गाडी,” ते म्हणाले. “खंय दिसना नाय. बरा आसा.”

मग पहिल्या पानावर परत जाऊन ते वाचायला लागले.